‘तुम्ही व्हा पुढं’

‘ब्रदरहूड’ या शब्दाचं मराठीत भाषांतर करून बघा. भाऊबंदकी.

हसू आलं ना? भाऊबंदकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात गळा येत नाही, बांध येतो. बांधावरची बाभळ कुणाची, यावरून तीन पिढ्या चाललेला दावा येतो. आणि नेमका हाच शब्द, इंग्रजी कपडे घालून, आम्ही बायकर लोक जॅकेटच्या पाठीवर शिवून घेतो. हेल्मेटवर चिकटवतो. रीलच्या खाली लिहितो. सहा महिन्यांपूर्वी ओळख झालेल्या माणसाला ‘ब्रो फॉर लाइफ’ म्हणतो.

हे मी बाहेरून बोलत नाही. तसं जॅकेट माझ्याकडेही आहे. दहाएक वर्षं मी लांबच्या राइड करतोय. फलटणचा पोरगा, पुण्यात नोकरी, हप्त्यावर घेतलेली साडेतीनशे सीसी, शनिवारी पहाटे साडेपाचला कात्रजच्या बोगद्यापाशी भेटायचं, वाटेत मिसळ, घाटात फोटो. सगळं केलंय, अजूनही करतो. म्हणूनच जे बोलायचंय ते स्पष्ट बोलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: ग्रुपमधली सगळ्यात हळू गाडी ज्या वेगाने जाते, तोच त्या ग्रुपचा वेग. हे मान्य नसेल तर तुम्ही मित्र नाही आहात. तुम्ही एकाच दिशेने चाललेलं ट्रॅफिक आहात.

*

आमच्या ग्रुपमध्ये माणसांना गाडीच्या सीसीने हाक मारायची पद्धत होती. चेष्टेत सुरू झालेली, मग तीच नावं पडली. मी साडेतीनशे. एक जण तीनशे नव्वद. आणि माझा शाळेपासूनचा मित्र, तो दीडशे.

दीडशेचं फलटणला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, हा त्या खोलतो आणि तांब्याची तार पुन्हा भरतो. ऐन उन्हाळ्यात शेतकरी रात्री बाराला शटर वाजवतात. त्याची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, पण इंजिनाचा आवाज असा की टेबलावर घड्याळ ठेवल्यासारखा. बाकीचे तिघं पुण्यातले. त्यांची आणि याची ओळख माझ्यामुळे झालेली. ही गोष्ट पुढे महत्त्वाची आहे.

२०२२ चा सप्टेंबर. पाच गाड्या, सतरा दिवसांची रजा, पुणे ते लेह आणि परत.

निघण्याच्या आदल्या रात्री दीडशेने माझ्या गाडीच्या क्लच केबलला खेटूनच एक नवी केबल टेपने बांधून ठेवली. मी म्हटलं, कशाला रे? म्हणाला, असू दे. उदयपूर सोडल्यावर तासाभरात, दुपारी दोनच्या उन्हात, माझी केबल तुटली. त्याने चाळीस मिनिटांत नवी चढवली. रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून, कपाळाचा घाम दंडाला पुसत. आम्ही चौघं बाभळीच्या सावलीत बिस्किटं खात होतो. त्या चाळीस मिनिटांना कुणीही ‘उशीर’ म्हटलं नाही. गाडी साडेतीनशे होती ना.

सबंध वाटभर शेवटी कोण राहायचं? दीडशेच. ग्रुप राइडमध्ये सगळ्यांत पुढे ‘लीड’ असतो, सगळ्यांत मागे ‘स्वीप’. कुणी थांबलं, पंक्चर झालं, कुणाची बॅग सुटली, तर त्याला गोळा करत यायचं काम स्वीपचं. दीडशेला दुरुस्ती येते, म्हणून स्वीप तोच. सगळ्यांत हळू गाडीही त्याचीच. मागे पडलेल्याला स्वीप उचलतो, पण स्वीपच मागे पडला तर त्याला कोण उचलणार, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता.

राजस्थानात पावसाने एक दिवस खाल्ला. मनालीला पोचलो तेव्हा हिशेब सुरू झाला. ठरल्याप्रमाणे जिस्पाला मुक्काम होता. लीड म्हणाला, जिस्पा गाळू, एकदम सरचू गाठू, एक दिवस वाचेल. अटल बोगदा झाल्यापासून रोहतांग चढायचा त्रास नाही, रस्ता सुमारे ४६ किलोमीटरने कमी झालाय, सहज होईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आता आकडे सांगतो. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर आहे. सरचू ४,३०० च्या आसपास. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा डोंगरातला साधा नियम. आम्ही एका दिवसात सव्वादोन हजार मीटर चढून झोपायला निघालो होतो. बोगद्यामुळे रस्ता छोटा झाला, आमच्या फुप्फुसांत काहीच बदल झाला नव्हता.

बारालाचा खिंड ४,८९० मीटर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जेमतेम पंचावन्न टक्के उरतो. आमच्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या, हवा कमी झाली तर पेट्रोलही कमी सोडतात. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. तो आपला फलटणच्या हिशेबाने पेट्रोल पाजत राहतो आणि इंजिन गुदमरतं. दीडशे पहिल्या गिअरमध्ये, कधी दोन्ही पाय जमिनीला लावत, खिंड चढला. आम्ही वर झेंड्यांपाशी फोटो काढत त्याची वाट बघितली. तो आला तेव्हा आमचे फोटो संपले होते, म्हणून लगेच निघालो. म्हणजे जो दमून आला त्याला विश्रांती नाही आणि जे बसून होते ते ताजेतवाने. तुमच्या ग्रुपमध्येही असंच होतं ना? आठवून बघा.

सरचूला तंबूत पोचल्यावर त्याचं डोकं ठणकायला लागलं. रात्री दोनदा उलटी झाली. जेवला नाही. सकाळी मी उठलो तेव्हा तो भिंतीला पाठ लावून बसावं तसा बॅगेला टेकून बसला होता. आमची आवराआवर चालू झाली. तो म्हणाला, “तुम्ही व्हा पुढं. मी जरा पडतो. दुपारपर्यंत येतो मागनं.”

लीड म्हणाला, “भावाला आराम करू दे.”

मी विचारलं, “नक्की ना?”

तो म्हणाला, “नक्की.”

मी एकदाच विचारलं. साडेसातला आम्ही निघालो.

*

पुढचं थोडक्यात. गाटा लूप्सची एकवीस वळणं चढताना खालचा सगळा रस्ता दिसतो. मी आरशात आणि खाली बघत होतो. कुणी नव्हतं. टांगलांग खिंडीत, ५,३२८ मीटरवर, आम्ही चौघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला. त्याच्याखाली काय लिहिलं असेल ते तुम्ही ओळखलंच. रात्री लेहला पोचून गरम पाण्याने अंघोळ केली. त्या पट्ट्यात आमच्या मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे ‘येईल मागनं’ यावर विश्वास ठेवणं सोपं होतं.

दोन दिवसांनी केलाँगच्या दवाखान्यातून त्याचा फोन आला.

झालं होतं असं. आम्ही गेल्यावर तासाभराने तंबूवाल्या बाईने त्याला लघवीला जाताना बघितलं. तो सरळ चालत नव्हता, झोकांड्या जात होत्या. दारू न पिता माणूस असा चालायला लागला की डोंगरातली माणसं समजतात की हे थांबायचं दुखणं नाही, याला खाली न्यायचं. तिने केलाँगकडे जाणारा ट्रक अडवला. ड्रायव्हर आणि क्लीनरने गाडी वर चढवून दोरीने बांधली, त्याला केबिनमध्ये मध्ये बसवलं. सरचूची गंमत अशी की तिथून मनालीकडे उतरायचं तरी आधी बारालाचा पुन्हा चढावी लागते. लेहकडे जावं तर पुढच्या खिंडी आणखी उंच. म्हणजे आम्ही त्याला एका सापळ्यात ठेवून गेलो होतो, आणि सापळा कुठे आहे हे नकाशात वीस सेकंदांत दिसलं असतं. नकाशा आम्ही फक्त ‘किती राहिलं’ बघायला उघडत होतो.

त्याला दोन दिवस ऑक्सिजन लावला. तो वाचला. कुणामुळे वाचला? ज्या बाईला त्याचं नाव माहीत नव्हतं तिच्यामुळे. ज्यांच्या जॅकेटवर काही लिहिलेलं नव्हतं त्या दोघांमुळे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४अ हे कलम आलं. अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्या परक्या माणसाला त्यामुळे संरक्षण मिळतं. मदत केली म्हणून त्याला कोर्टात ओढता येत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. चांगला कायदा आहे. पण बघा, परक्या माणसाने थांबावं म्हणून देशाला कायदा करावा लागला. मित्राने थांबावं यासाठी कायदा नाही, कारण मित्र थांबतोच असं सगळ्यांनी गृहीत धरलंय.

*

आता त्या वाक्याकडे येऊ. ‘तुम्ही व्हा पुढं.’

मराठी माणसाला या वाक्याचा अर्थ कळत नाही असं मला कुणी सांगू नये. आपण आग्रहाच्या देशातली माणसं. पंगतीत कुणी ‘बास, नको’ म्हणालं तर आपण दोन पोळ्या वाढतो. पाहुणा ‘चहा नको’ म्हणाला की आधण ठेवतो. ‘नको’ म्हणजे ‘अजून एकदा विचारा’, हे आपल्याला आईच्या पदराला धरून उभं असल्यापासून ठाऊक असतं. मग घाटात, खिंडीत, रात्रीच्या हायवेवर एखादा ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणतो, तेव्हाच आपण एवढे शब्दशः कसे काय होतो? तेव्हाच त्याच्या मताचा एवढा आदर कसा काय वाटतो?

कारण ते आपल्या सोयीचं असतं. बाकी काही नाही.

‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणजे: माझ्यामुळे तुमचा खोळंबा होतोय हे मला दिसतंय, मला लाज वाटतेय, आणि तुम्ही मला लाज वाटू देताय. सरचूला तर आणखी एक गोष्ट होती. उंचीचा त्रास सुरू झाला की निर्णय घ्यायची ताकद सगळ्यांत आधी ढासळू शकते. म्हणजे ज्याच्या ‘नक्की’वर आम्ही निघालो, त्या ‘नक्की’ला काहीच किंमत नव्हती. म्हणूनच अशा माणसाला एकट्याला सोडायचं नसतं, तो काहीही म्हणो.

*

“पण यात ब्रदरहूडचा काय संबंध? एका ग्रुपने चूक केली,” असं काही जण म्हणतील. संबंध आहे. चूक सरचूला झाली नव्हती. ती कात्रजच्या बोगद्यापाशीच झाली होती, गाड्या ज्या क्रमाने लावल्या तेव्हा.

साधं गणित करू. पाच गाड्यांची रांग आहे, लीड ताशी ८० ने चाललाय. पुढे ट्रक आला. लीडने मोकळी जागा बघून ओव्हरटेक केला आणि तो तसाच ८० ने गेला. दुसऱ्याला जागा मिळायला थोडा वेळ लागला, तिसऱ्याला आणखी. पाचव्याला जागा मिळेपर्यंत लीड एक किलोमीटर पुढे. आता हे एक किलोमीटर भरून काढायला पाचव्याला ताशी १०० ने, तीन मिनिटं, पाच किलोमीटर पळावं लागतं. तेवढ्यात पुढचा ट्रक येतो. आणि ही पाचवी गाडी कोणती? तीच, जी सामान लादून ७५ ला सुखाने चालते आणि १०० ला थरथरते.

म्हणजे ग्रुपमध्ये सगळ्यांत जोरात गाडी चालवावी लागते ती सगळ्यांत शेवटच्याला. लीड निवांत, शेपूट जिवावर उदार. ज्याची गाडी सगळ्यांत अशक्त, त्याच्यावर आपण सगळ्यांत जास्त धोका टाकतो आणि वर त्याला म्हणतो, “काय रे, किती उशीर?”

ज्या वर्षी आम्ही लेहला गेलो, त्या २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. ही सरकारी आकडेवारी आहे. यातल्या किती जणांना पुढच्या मित्राला गाठायचं होतं, याचा रकाना त्या अहवालात नाही. मी मात्र तीनदा दीडशेला ट्रक आणि समोरून येणाऱ्या बसच्या मधून निघताना आरशात बघितलंय. तीनही वेळा मी वेग कमी केला नाही, कारण लीडने केला नव्हता.

आणि ही सीसीची उतरंड कसली? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, समृद्धीवर बंदी. तिथे शंभर सीसी आणि हजार सीसी दोघंही सारखेच गेटाबाहेरचे. आपण सगळे जुन्या रस्त्याची माणसं. सरकारने आपल्याला एका पंगतीला बसवलं, तर आपण त्यातही पाट मांडून घेतले. जो दूधवाला शंभर सीसीच्या दोन्ही बाजूंना कॅन लावून पावसाळ्यात रोज घाट चढतो, त्याला आपण ‘रायडर’ म्हणत नाही. का, तर त्याच्याकडे गुडघ्याचे गार्ड नाहीत.

*

हा शब्द आला कुठून, तेही बघू. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरी परतलेल्या काही सैनिकांना साधं आयुष्य जमेना. त्यांनी मोटारसायकली घेतल्या, टोळकी केली. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावात त्यांचा धुडगूस गाजला. १९४८ मध्ये हेल्स एंजल्स निघाली. पाठीवरचा पॅच, ‘रोड कॅप्टन’, उमेदवारीवरचा नवखा ‘प्रॉस्पेक्ट’, ही सगळी भाषा त्या जगातली. त्यात गुन्हेगारी होती, हिंसा होती, बायकांना जागा नव्हती. त्याचं कौतुक नको. पण खंदकात सोबत राहिलेल्या माणसांनी तो शब्द वापरण्यात काहीतरी अर्थ तरी होता. आपण खंदक घेतला नाही, किंमत घेतली नाही, फक्त जॅकेट मागवलं. आणि ‘ब्रदर’ म्हणताना आज ग्रुपमध्ये स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्या मुली मोजायच्याच राहिल्या.

उलट, जगातली सगळ्यांत गाजलेली मोटारसायकलवरची दोस्ती बघा. १९५२ साली अर्नेस्तो गेव्हारा, ज्याला पुढे जग ‘चे’ म्हणू लागलं, आणि त्याचा मित्र अल्बर्टो ग्रानादो दक्षिण अमेरिका बघायला निघाले. दोघांत मिळून एक जुनी पाचशे सीसी नॉर्टन. लोक फोटो बघून विसरतात ती गोष्ट अशी की ती गाडी चिलीतच कायमची मेली. पुढचे कित्येक महिने, पेरूपासून व्हेनेझुएलापर्यंत, ते दोघं ट्रकमधून, पायी, तराफ्यावरून गेले. म्हणजे ज्या प्रवासाचे टी-शर्ट आपण घालतो, त्याचा बराचसा भाग मोटारसायकलवर झालाच नाही. गाडी गेली, सोबत राहिली. आमच्या ग्रुपचं बरोबर उलटं झालं. सगळ्या गाड्या धडधाकट घरी आल्या.

*

आता समोरचे मुद्दे. ते खोटे नाहीत, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिला: “प्रत्येकाने आपापली राइड चालवावी, हा तर सेफ्टीचाच नियम आहे.” हो, आहे. त्याचा अर्थ असा की दुसऱ्याला गाठायच्या नादात आपल्या कुवतीबाहेर गाडी मारू नका. हा नियम मागच्याला वाचवायला केला होता. आपण तो पुढच्याला मोकळं करायला वापरतो. ‘तू तुझ्या वेगाने ये’ याच्यापुढे ‘मी थांबतो’ हे दोन शब्द नसतील तर तो नियम नाही, ती पळवाट आहे.

दुसरा: “रजा मोजकी असते. एका माणसासाठी सगळ्यांची ट्रिप बुडवायची?” हे दुखणं मला कळतं. सतरा दिवसांची रजा मी दोन वर्षं साठवली होती. पण बुडतं काय? अंतर कमी करा. लेहऐवजी जिस्पाला दोन दिवस बसा, नदीकाठी भात-राजमा खा, परत या. ट्रिप बुडत नाही, ‘लेह केलं’ म्हणायचं बुडतं. ज्याला अंतराचंच वेड आहे त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. अमेरिकेतली आयर्न बट असोसिएशन चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे १,६०९ किलोमीटर चालवल्याचं प्रमाणपत्र देते. ते जरूर मिळवा. एकट्याने मिळवा. एकट्याच्या राइडशी माझं काहीच भांडण नाही. एकटा रायडर प्रामाणिक असतो, तो कुणाला भाऊ म्हणत नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यांत खरा: “ज्याची गाडी, तब्येत तयार नाही त्याला न्यायचंच कशाला?” मान्य. अगदी मान्य. पण मग हे टेबलावर सांगा, मिसळ खाताना, त्याच्या तोंडावर. “या वेळी नको, तुझ्या गाडीला जमणार नाही,” हे मित्रच म्हणू शकतो. तो चार दिवस बोलणार नाही, पाचव्या दिवशी शिव्या घालत फोन करेल. आम्ही ते सांगितलं नाही, कारण वाटेत गाड्या दुरुस्त करायला तो आम्हाला हवा होता. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पण खरं तेच आहे.

*

मी फलटणचा असल्याने ज्ञानोबांची पालखी लहानपणापासून दारातून बघतोय. भक्तीचं जाऊ द्या, मी एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय. लाखो माणसं तीन आठवड्यांच्या आसपास चालतात. त्यात पंच्याहत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या. दिंड्यांचे क्रम ठरलेले, रथाच्या पुढच्या कोणत्या आणि मागच्या कोणत्या. वेग ठरतो तो चालणाऱ्या माणसाच्या पायांवर.

आणि संध्याकाळी मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी एक फार शहाणी गोष्ट होते. चोपदार हातातली काठी वर करतो आणि एवढा मोठा समुदाय गप्प होतो. हरवलं-सापडलं जाहीर केलं जातं. आणि एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी गप्प होत नाही. ती टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो आणि ऐकून घेतो.

आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये ही सोय नव्हती. आमच्याकडे कंपनीचे इंटरकॉम होते, गाणी ऐकायला. रोज संध्याकाळी आम्ही उद्याचं अंतर ठरवायचो, आज कुणाला काय झालं हे कधीच विचारलं नाही. दीडशेला टाळ वाजवायला जागाच नव्हती. त्याच्याकडे एकच वाक्य होतं, आणि ते त्याने म्हटलं.

म्हणून पुढच्या राइडला निघण्यापूर्वी तीन गोष्टी करा. पैसे लागत नाहीत. एक, सगळ्यांत हळू गाडी शेवटी नाही, लीडच्या लगेच मागे ठेवा, म्हणजे तिचा वेग आपोआप सगळ्यांचा होतो. दोन, प्रत्येकाने फक्त आपल्या मागच्याकडे बघायचं. तो आरशातून गेला की थांबायचं, प्रत्येक वळणाला तो दिसेपर्यंत उभं राहायचं. असं प्रत्येकाने केलं तर कुणीच सुटत नाही. तीन, रोज रात्री जेवण्यापूर्वी दहा मिनिटं, सगळ्यांत मागे राहिलेल्याने आधी बोलायचं.

आणि कुणी म्हणालं, ‘तुम्ही व्हा पुढं’, तर गाडीचं स्टँड लावा, किल्ली काढा आणि त्याच्या शेजारी बसा.

*

दीडशे चंदीगडहून रेल्वेने परत आला, गाडी पार्सलमध्ये टाकून. भांडला नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आमच्या फोटोंना अंगठे दिले. महिन्याभराने मी फलटणला गेलो तेव्हा त्याच्या दुकानात बसलो. तो मोटारीत तार भरत होता. मी म्हटलं, “चुकलंच आमचं.”

तो मान वर न करता म्हणाला, “अरे, तुमची काय चूक? मीच म्हणालो होतो ना, पुढं व्हा म्हणून.”

त्याने शिवी दिली असती तर मी तो अध्याय तिथे संपवला असता. त्याने आम्हाला माफ करून टाकलं, जसं गिऱ्हाइकाला दहा-वीस रुपये सोडून देतात. त्यानंतर तो आमच्याबरोबर एकाही राइडला आलेला नाही. बोलतो, हसतो, माझ्या आईची मोटार बिघडली तर तासाभरात येतो. पण गाडीवर बसून माझ्यामागे येत नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याला एक रस्ता सांगितला. फक्त दोघं. फलटणहून साताऱ्यावरून कराड, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, गुहागर, मग धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ. बोटीत सगळ्या गाड्या एकाच वेगाने जातात. मी म्हटलं, पंचावन्नच्या वर जायचं नाही, आणि पुढे तू राहायचंस, मी मागे. केबल मी बांधून घेतलीय, दोन्ही गाड्यांना.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बघू.”

आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ काय होतो, तेही आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण या वेळी मी एकदाच विचारून थांबणार नाहीये.